झाकण लावलं की थांबणारी गोष्ट

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे प्रवासी रेल्वे सुरू झाली. परळी वैजनाथसारखं जुनं जंक्शन याच जिल्ह्यात असूनही जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे पोहोचायला पिढ्या गेल्या. तोवर बीडकराचा प्रवास म्हणजे एसटी. व्हिडिओ खेळांच्या इतिहासाशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा, की निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रांचा जन्म रेल्वेच्या डब्यात झाला, असं म्हणतात. निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई या अभियंत्याला शिन्कान्सेन गाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला, आणि खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्याला तिथंच सुचली, अशी हकिकत आहे. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आलं, १९८९ मध्ये ‘गेम बॉय’.

यंत्र असं प्रवाशाच्या तुटक वेळेसाठी घडलं. चार मिनिटं मिळाली तर चार मिनिटं, स्टेशन आलं की बंद. अशा यंत्रावर पडणाऱ्या विटा रचाव्यात, फार तर उड्या माराव्यात. लांबलचक गोष्ट तिथं टिकेल असं कुणाला वाटलं नसेल. पण ती टिकली, आणि नुसती टिकली नाही, तर फोफावली.

ऑक्टोबर २००१ मध्ये कॅपकॉम कंपनीनं ‘गेम बॉय ॲडव्हान्स’साठी ‘ग्याकुतेन साइबान’ हा खेळ जपानमध्ये काढला. पुढे इंग्रजीत तो ‘एस अटर्नी’ म्हणून गाजला. शू ताकुमी या दिग्दर्शकाच्या हाताखाली जेमतेम सात जणांचा गट होता. खेळात धावपळ नाही, गोळीबार नाही. एक नवखा वकील, खोटं बोलणारे साक्षीदार आणि वाचायला पानंच्या पानं मजकूर. साक्षीतल्या नेमक्या कुठल्या वाक्याला पुरावा छेद देतो, ते ओळखायचं आणि ‘हरकत आहे!’ म्हणून ओरडायचं. खेळणारा खरं तर वाचत असतो, आणि वाचताना हलगर्जी केली की हरतो.

२००४ च्या अखेरीस ‘निन्टेन्डो डीएस’ आलं. दोन पडदे आणि मिटणारं झाकण असलेलं हे यंत्र पुढे पंधरा कोटींहून जास्त खपलं. फुकुओका शहरातल्या सिंग नावाच्या छोट्या कंपनीनं त्यावर ‘हॉटेल डस्क’ केलं. १९७९ सालचं नेवाडातलं एक सुनसान हॉटेल, एक माजी पोलीस आणि पेन्सिलनं रेखाटलेली माणसं. यंत्र पुस्तकासारखं उभं धरून हा खेळ खेळायचा. त्याच कंपनीच्या ‘अनदर कोड’मध्ये एका कोड्यापाशी खेळणारा अडून बसतो, कारण उत्तर पडद्यावर नसतंच. यंत्राचं झाकण मिटायचं, म्हणजे एका पडद्यावरचा शिक्का दुसऱ्यावर उमटतो. खेळ बंद करायची रोजची कृती इथं गोष्टीचा भाग झाली. कोतारो उचिकोशी यांच्या ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’मध्ये तर दोन पडदे का आहेत, यावरच रहस्य उभं आहे. त्याहून जास्त सांगणं म्हणजे ज्यांनी तो अजून खेळला नाही त्यांचा घात करणं.

एक आक्षेप इथंच घ्यायला हवा. या खेळांमध्ये ‘निवड’ असते म्हणतात, पण बहुतेक वेळा ती नावापुरती. ‘एस अटर्नी’त बरोबर उत्तर एकच, वारंवार चुकलं की पुन्हा सुरुवात. मग साधी कादंबरी काय वाईट? फरक इतकाच, की कादंबरीतला गुप्तहेर वाचकासाठी थांबत नाही. इथं तो खोळंबून उभा राहतो. वाचकानं हात घातल्याशिवाय पान उलटत नाही, आणि आरोप चुकीच्या माणसावर ठेवला तर तो वाचकानं ठेवलेला असतो. हातातल्या यंत्रांवरच्या कथाखेळांनी मागे ठेवलेला खरा ठेवा चित्रांचा नाही. प्रवासातल्या सुट्या सुट्या मिनिटांत वाचकाला गोष्टीचा साथीदार करून घेण्याची रीत, हा तो ठेवा.

मराठी वाचकाला यातला निम्मा भाग ओळखीचा आहे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला लटकणाऱ्या रहस्यकथा हे आपलं खिशातलं यंत्रच होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड घराघरांत गेले. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. गेवराईहून बसलेला वाचक मुक्कामाला उतरेपर्यंत खुनी सापडलेला असायचा. भारदस्त समीक्षेनं या पुस्तकांकडे फारसं वळून पाहिलं नाही, हे आपलं नुकसान. जपानमध्ये अशाच वाचनाच्या सवयीला यंत्र मिळालं आणि लेखकांची एक नवी जात तयार झाली. इथं ते घडलं नाही.

का घडलं नाही, याची कारणं साधी आहेत. यंत्र महाग, त्यावरची एकेक कॅसेट महाग, आणि तालुक्याच्या गावात ती विकणारं दुकान नाही. जत्रेत मिळायचा तो विटा रचायचा स्वस्त व्हिडिओ गेम, ज्याच्या खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं धडधडीत खोटं छापलेलं असायचं. सोनीनं २००९ च्या सुमारास भारतासाठी ‘देसी अड्डा’ काढून पाहिला. पीएसपी या तिच्या हातातल्या यंत्रावर गुल्लीडंडा, कबड्डी आणि पतंग आले, पण ज्यांच्या अंगणात हे खेळ होते त्यांच्या हातात पीएसपी नव्हतं.

एक कारण मात्र लिपीचं होतं, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. अक्षर बसवायचं ते आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. जपानी काना अक्षरं त्यात मावतात, रोमनही मावतात. देवनागरीची शिरोरेषा, वर वेलांटी नि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं तेवढ्यात कोंबलं तर ‘स्त्री’ वाचताच येणार नाही. मराठी मजकुराचा खेळ त्या यंत्रावर करायला कुणी बसलंच असतं, तर पहिली झटापट गोष्टीशी नव्हे, अक्षरांशी झाली असती.

मग फोन आला आणि यंत्राचा प्रश्न एका झटक्यात सुटला. आज आष्टी-पाटोद्यापासून धारूर-माजलगावपर्यंत पोरांच्या हातातला पडदा डीएसपेक्षा कितीतरी पट चांगला आहे, आणि त्यावर देवनागरी स्वच्छ दिसते. पण फोननं जागा घेतली, रीत घेतली नाही. डीएसचं झाकण मिटलं की गोष्ट जिथल्या तिथं थांबायची. आठवड्यानं उघडलं तरी साक्षीदार त्याच वाक्यावर उभा. फोनवरचे धंदेवाईक खेळ मिटणं सहन करत नाहीत. आज आला नाहीत तर बक्षीस बुडेल, मित्र पुढे जाईल, अशी टोचणी सतत चालू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी घातली, तेव्हा चर्चा रमीची झाली आणि व्हायलाच हवी होती. पण बंदीनंतर त्या पडद्यावर दुसरं काय यावं, हा प्रश्न तसाच राहिला.

एक उत्तर पुण्यातून आलं होतं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरायच्या यंत्रावर आला. त्याआधी लोकांकडून निधी जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी ही नायिका. दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत तिची कथा सांगतात. लढाई भरपूर आहे, कधीकधी जरा जास्तच. पण गोष्टीचे दुवे छायाबाहुल्यांनी जोडले आहेत, आणि तिथं खेळ खुलतो. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुढच्या आवृत्तीत हिंदी आवाज आले. स्विचच्या भाषांच्या यादीत मराठी मात्र नाही.

छायाबाहुल्या पाहून मराठी माणसाला आठवावं ते पिंगुळी. सिंधुदुर्गातल्या या गावातले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या नाचवतात आणि चित्रकथी सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची एक शैली तर बीडच्या शेजारच्या पैठणच्या नावानं ओळखली जाते, आणि तिची चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं, गात गात सांगायचं, पुढचं काढायचं. यातही चित्र, मजकूर आणि थांबा यांचाच हिशेब आहे. फक्त थांबायचं कधी, हे कथेकरी ठरवतो.

ठेवा म्हटला की जपणूक आलीच, आणि तिथं हे खेळ फार कच्चे निघाले. सिंग कंपनीनं २०१० मध्ये दिवाळं काढलं. ‘अनदर कोड’ नव्या रूपात परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोनं डीएसनंतरच्या ‘थ्रीडीएस’चं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि जे खेळ फक्त तिथंच विकले जात होते, ते नव्या गिऱ्हाइकाला रीतसर मिळेनासे झाले. इकडे अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडावर लिहिलेली ‘पंचीकरणा’ची पासोडी आहे. दासोपंत १६१५ मध्ये गेले. चार शतकांपूर्वीचं कापड वाचता येतं आणि वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटला चालणारं यंत्र शोधावं लागतं.

तरी रीत मेलेली नाही, ती फोनवर आडवाटेनं येते आहे. सीरियातून निघालेल्या निर्वासित बायकोचे आणि मागे राहिलेल्या नवऱ्याचे मेसेज, एवढ्यावर ‘बरी मी, माय लव्ह’ हा २०१७ चा खेळ चालतो. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी मुलींच्या तस्करीवर ‘मिसिंग’ हा खेळ २०१६ मध्ये फोनसाठीच आणला. रेनपाय, ट्वाइन अशी साधनं फुकट आहेत. मजकुराचा खेळ साध्या फोनवर चालतो, नेटवर्क नसलं तरी चालतो.

बीडला विषयासाठी लांब जायला नको. पाऊस सरला की जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे, लाखांच्या घरात माणसं. मुकादमाकडून उचल किती घ्यायची, मुलीला शाळेसाठी आजीकडे ठेवायचं की फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर न्यायचं, अंगात ताप असताना फडावर जायचं की खाड्याचा दंड भरायचा. प्रत्येक वळणावर खरी निवड, आणि दिलेल्या पर्यायांपैकी धड एकही नाही. शहरातल्या स्टुडिओनं कणव दाखवत हा खेळ केला तर तो फसेल; मजकूर ज्यानं ‘कोयता’ धरला आहे किंवा कोपीवर वाढला आहे, त्याच्याच हातून यायला हवा. आणि लिहायला बसल्यावर आधी ठरवावं लागेल, की यात जिंकणं कशाला म्हणायचं. उचल फिटली म्हणजे जिंकलं असं धरलं, तर बऱ्याच खेळाडूंना पुढच्या हंगामाला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागेल.