चर्च घरी आले नाही



मागच्या पावसाळ्यात आपल्यातील एक आजी अंगणात पाय घसरून पडल्या आणि दोन महिने खाटेवर होत्या. बऱ्या होऊन त्या पुन्हा मिस्साला आल्या, तेव्हा आम्ही काही जण बाहेर त्यांच्याभोवती जमलो. कोणीतरी तब्येत विचारली. त्या म्हणाल्या, "बरी आहो आता. पन दोन महिने चर्च काही माह्या घरी आलं नाही." आम्हांला वाटले, वयोमानाने विसरल्या असतील. फादर दर शुक्रवारी पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्याकडे जात होते, याची आम्ही आठवण करून दिली. त्यावर त्या म्हणाल्या, "फादर त आले. चर्च नाही आलं."

आम्ही हसलो आणि घरी गेलो. पण ते वाक्य मनातून जाईना. आजी चुकल्या की आम्ही?

'चर्च' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'प्रभूचे' असा होतो, म्हणजे प्रभूचे घर. नव्या करारात मात्र जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो वेगळाच आहे: 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ बोलावून जमलेले लोक. त्यात भिंती नाहीत, छप्पर नाही. गंमत अशी की याच 'एक्लेसिया'वरून पोर्तुगीजांचा शब्द आला आणि त्यावरून गोव्याची 'इगर्ज'. आणि इगर्ज म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी इमारत उभी राहते! माणसांचा शब्द इमारतीला गेला.

आपल्या मराठीत कॅथोलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, तर प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये 'मंडळी' हा शब्द आहे. खरे सांगायचे तर आम्हांला त्यांचा शब्द थोडा हेवा वाटावा असा वाटतो. सभा म्हटली की आपल्याकडे मंच, माईक आणि पुढारी आठवतात. ते बोलतात, आपण ऐकतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. मंडळी म्हणजे घरची माणसे. 'मंडळी जेवायला बसली' असे आपण म्हणतो, लग्नात 'वऱ्हाडी मंडळी' येते; जुन्या पिढीतले पुरुष तर बायकोलाच 'आमची मंडळी' म्हणत.

पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे तर बहुतेक ठिकाणी वेगळी इमारतच नव्हती. प्रिस्का आणि अक्विला हे तंबू शिवून पोट भरणारे जोडपे. त्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेला संत पौल रोमकरांच्या पत्रात सलाम पाठवतो. इ.स. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, त्यानंतर मोठमोठी मंदिरे उभी राहिली. इमारतीला आम्ही कमी लेखत नाही. दरवर्षी 9 नोव्हेंबरला आपण रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण पाळतो, म्हणजे एका वास्तूचाच सण. आपल्या गरीब आजोबांनी कापसाच्या पैशांतून वर्गणी दिली असेल, तर त्या विटांना काहीच मोल नाही असे कोण म्हणेल?

तरीही बेंबळा धरणाकडे पाहा. आपल्याच बाभुळगाव तालुक्यातल्या या धरणाच्या पाण्यात काही गावे गेली आणि लोक नव्या गावठाणात राहायला गेले. मग गाव बुडाले की गाव हलले? आपण दोन्ही म्हणतो. 'गाव पाण्याखाली गेले' हे खरे, आणि 'अख्खे गाव मयतीला आले होते' हेही खरे. पण शेजाऱ्याच्या मयतीला कोणीच गेले नाही, तर नव्या गावठाणात घरे कितीही पक्की असोत, 'गाव आले' असे कोणी म्हणणार नाही.

आता फादरांविषयी. यावर आमच्यात बराच वाद झाला. एकाचे म्हणणे असे की फादर पवित्र कम्युनियन नेतात ते स्वतःच्या नावाने नव्हे, सर्व ख्रिस्तसभेच्या वतीने नेतात. तेव्हा चर्च आले नाही हे म्हणणे चूक आहे. श्रद्धेच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण ज्यांच्या वतीने ते गेले, त्या आम्हांला आजी कशा आहेत हे ठाऊक तरी होते का? गावाला पत्ताच नसेल, तर गावाच्या वतीने गेलेला सरपंच एकटाच गेला, असेच घरचे म्हणतील. 21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात महागुरू आणि धर्मगुरू यांचे प्रकरण तिसरे आहे. 'देवाची प्रजा' हे प्रकरण त्याच्या आधी, दुसरे आहे. हा क्रम परिषदेने विचार करून ठेवला होता.

आणि एक टोचणारी गोष्ट. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19. इफिस शहरात चांदीच्या कारागिरांनी पौलाविरुद्ध दंगा केला. लोक नाट्यगृहात धावले, कोणी काही ओरडे, कोणी काही. आपण का जमलो हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतच नव्हते. त्या जमावालाही तिथे 'एक्लेसिया' हाच शब्द वापरला आहे. रविवारी नऊ वाजता आम्ही जमतो, साडेदहाला चपला शोधतो आणि पांगतो. त्या जमावात आणि आमच्यात फरक काय, हे शब्दावरून तरी सांगता येत नाही.

आजी आता काठी टेकत येतात. आम्ही त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी विषय बदलून खिडकीकडे बोट दाखवले. तिथे सतरंजीवर एक कुटुंब बसायचे, नवरा-बायको आणि दोन मुली. "तीन रविवार झाले, दिसले नाहीत," त्या म्हणाल्या. ते कामाला बाहेरगावी गेले की घरात कोणी आजारी आहे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.