फ्रिजमधलं पाणी कुणाचं?

जुलैतली सकाळ. दूध काढायला गेलो आणि पाय लादीवरच्या पाण्यात पडला. पाऊस आत आला असेल म्हणून खिडकीकडे पाहिलं, तर ती बंद. ओघळ फ्रिजच्या पुढच्या पायापासून निघून ओट्याखाली शिरला होता. पायपुसणं टाकलं, ते तासाभरात चिंब. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "फ्रिज गळतोय रे तुझा. मेकॅनिकला बोलाव, नाहीतर सगळा गॅस जाईल."

गॅसचा आणि या पाण्याचा काही संबंध नव्हता, पण 'गळतोय' हा शब्द डोक्यातून जाईना. गळायला आधी आत काही साठलेलं असावं लागतं. टाकी गळते, नळ गळतो, कौलं गळतात. आमच्या फ्रिजला नळाची जोडणी नाही, पोटात टाकी नाही. मग हे पाणी आलं कुठून?

हवेतून. उत्तर एवढंच, पण ते पटायला मीरा-भाईंदरचा मुक्काम उपयोगी पडतो. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, खाली गोराई-मनोरीची खाडी. भाईंदर स्टेशनाच्या आसपास मिठागरं पसरलेली. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात सोडायचं, पाणी उडतं आणि मीठ उरतं. मीठ गोणीत जातं ते आपल्याला दिसतं. उडालेलं पाणी कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. ते आपल्या डोक्यावरच असतं. जुलैत तर समुद्रावरून येणारा वारा इतकं बाष्प घेऊन येतो की आगरातून निघालेलं ते मीठही बरणीत पाझरायला लागतं, पापड चामट होतात, काडेपेटी पेटत नाही.

आता या हवेपुढे फ्रिजचं दार उघडा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. ५ अंशाला जेमतेम ७. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली तर आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी तरंगत असतं. ती हवा फ्रिजमध्ये शिरून गार झाली की १७ ग्रॅम तिला सोडून द्यावंच लागतं. २५० लिटरच्या फ्रिजातली हवा एकदा पूर्ण बदलली तर चार ग्रॅमच्या वर, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमी. दर वेळी पूर्ण बदलत नाही, अर्धी धरू. दिवसातून चाळीस वेळा दार उघडणारं घर (आणि मुलं सुट्टीवर असतील तर चाळीस हा आकडा फारच सभ्य आहे) अर्धा कप पाणी स्वतःच्या हातांनी आत घालतं. त्यात झाकण न ठेवलेलं वरण, धुऊन तशीच ठेवलेली कोथिंबीर.

मिठागर पाणी हवेत सोडतं, फ्रिज ते हवेतून काढतो. फ्रिज म्हणजे उलटं मिठागर, आणि हे पाणी काढणं त्याच्या गार करण्यातच आलं. ते टाळता येत नाही हे तो बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून त्यानं पाण्याला एक वाट करून दिलेली असते. आमच्यासारख्या दोन दारांच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रिजात फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड थंड कॉइल असते. बाष्प तिच्यावर हिम होऊन बसतं. ठरावीक तासांनी एक लहानसा हीटर लागतो आणि हिम वितळतं. पाणी खालच्या पन्हळीत पडतं, पन्हळीच्या भोकातून नळीत, नळीतून फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरवर ठेवलेल्या ट्रेमध्ये. कॉम्प्रेसर तापलेला असतोच. त्या उष्णतेनं ट्रेमधलं पाणी उडून जातं. रोज अर्धा कप पाणी आपल्या घरातून असं गुपचूप जात-येत असतं. तेव्हा लादीवर आलेलं पाणी नवं नव्हतं. रोजचंच पाणी, फक्त मोरी तुंबलेली.

मोरी कुठे तुंबली हे पाणी स्वतःच सांगतं. फ्रिजच्या मागे थारोळं असेल तर ट्रे तडकलेला किंवा सरकलेला. दाराच्या कडेला बाहेरून थेंब असतील तर तो घाम. पावसाळ्यात चालायचंच, फार असेल तर दाराच्या रबरात कागद धरून दार लावावं, कागद सहज निघाला तर रबर सैल. आमच्याकडे भाजीच्या ड्रॉवरखाली तळं होतं. म्हणजे पन्हळीचं भोकच बंद.

रात्री प्लग काढला, सामान शेजारी काकूंच्या फ्रिजात, दोन्ही दारं उघडी, खाली जुन्या चादरी. घाई होते इथेच. बर्फाचं ढेकूळ दिसलं की हात सुरीकडे जातो. तो आवरायचा. कॉइलच्या नळ्या पातळ असतात आणि आजच्या बऱ्याच फ्रिजांमध्ये त्यांत आयसोब्युटेन असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, तसाच पेट घेणारा. काकूंचं भाकीत खरं करून दाखवायचा तेवढा एक मार्ग मात्र आहे.

सकाळी फ्रीझरची मागची पट्टी स्क्रू काढून अलगद पुढे कलती केली. पंख्याची वायर तिला जोडलेली असते, ओढायची नाही. पन्हळीचं भोक दिसलं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या सुई नसलेल्या सिरिंजनं कोमट पाणी सोडलं. ते तसंच उभं राहिलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग फ्रिजच्या मागे जाऊन नळीचं खालचं रबरी तोंड चिमटीत दाबलं आणि काळ्या शेवाळासारखी बुळबुळीत गाठ बाहेर आली. वरचं पाणी गुळुककन गेलं. इतक्या आवाजानं माणूस खूश होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात तिथे पुन्हा बर्फ धरला असता तर हीटर गेलेला असणार, आणि तिथे माझी विद्या संपते, तिथे मेकॅनिकच.

मागचा ट्रे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. वर्षाची धूळ आणि दोन बोटं पाणी. डेंग्यूचा डास असंच साठलेलं स्वच्छ पाणी शोधतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. उन्हाळ्यात ट्रे कोरडा पडतो. पावसाळ्यात आधीच ओल्या हवेत पाणी उडायला वेळ लागतो, म्हणजे नेमका डासांच्या दिवसांत तो भरलेला. आता दर रविवारी तो घासतो.

काकू सामान परत द्यायला आल्या. कोरड्या लादीकडे बघून म्हणाल्या, "थांबलं का रे पाणी?"

"थांबलं नाही काकू, मागे गेलं," म्हटलं. त्यांनी वाकून पाहिलं. ट्रेमध्ये चार-पाच चमचे साठलं होतं, कॉम्प्रेसर घुरघुरत होता. ते आता हळूहळू हवेत जाईल, आणि संध्याकाळी दुधासाठी दार उघडलं की परत आत.