आधी साल सांग, मग रंग लाव

काहून बे, हे काय आणलंस? शकुंतलेचं इंजिन म्हणतोस ना याला? मग ठेव टेबलावर आणि विचारतो त्याचं उत्तर दे. हे इंजिन कोणत्या सालातलं? बोल. रंगाचा डबा कोणत्या कंपनीचा, केवढ्याला मिळाला, अकोल्यात कुठल्या दुकानात मिळतो, सगळं तोंडपाठ आहे तुझं. साल तेवढं ठाऊक नाही.

मग ऐक. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूरला 76 किलोमीटर आणि यवतमाळला 113 किलोमीटर जाणारी अडीच फुटी लाईन. किलिक निक्सनवाल्यांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाईनपर्यंत आणि तिथून मुंबईच्या गोदीत पोचावा म्हणून टाकलेली. रूळ कंपनीचे आणि गाडी हाकणार मध्य रेल्वे, असा विचित्र कारभार स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 पासून इथं जुंपलं आणि 15 एप्रिल 1994 ला उतरवलं. त्यानंतर डिझेल.

आता केबिनच्या बाजूला तू काय लावलंस ते बघ. हातात हिरवा कंदील घेतलेला हत्ती! हा रेल्वेचा शुभंकर भोलू जन्मला 2002 साली, रेल्वेला दीडशेवं वर्ष लागलं तेव्हा. म्हणजे त्याच्या जन्माच्या आठ वर्षं आधी कामावरून उतरलेल्या इंजिनावर तू त्याला गार्ड म्हणून चढवलास. मूर्तिजापूरच्या प्रदर्शनात हे ठेवणार होतास तू. तिथं या गाडीनं शाळेत गेलेली, बाजाराला गेलेली माणसं येतील, शेडमध्ये हात काळे केलेलेही एखाददुसरे येतील. ते तुला काही बोलणार नाहीत, नुसते हसून पुढच्या टेबलाकडे जातील. मी बोलतोय ते बरं समज.

आणि ‘मध्य रेल्वे’ लिहिलंस ते तरी विचार करून लिहिलंस का? मध्य रेल्वे झाली 5 नोव्हेंबर 1951 ला. त्याआधीचं इंजिन करायचं असेल तर हे नाव पुसावं लागतं. नंतरचं करायचं तर 1951 ते 1994 एवढीच जागा आहे तुला, आणि त्या जागेतलं एक साल धरून त्या सालचा फोटो समोर ठेवावा लागतो. इंजिनावरचं नाव म्हणजे ते कोणाच्या ताब्यात आणि कधी होतं याचा कागद आहे. तू त्याला टिकली समजलास.

मागच्या खेपेला अकोल्याच्या मीटरगेजचं इंजिन आणलं होतंस, त्यावरही ‘म. रे.’ ठोकलं होतं. का, तर अकोला स्टेशन मध्य रेल्वेचं! अरे, मोठी लाईन मध्य रेल्वेची. खंडवा-पूर्णा मीटरगेज दक्षिण मध्य रेल्वेकडे होती. एकाच गावात दोन रेल्वे. इंजिनावर त्याच्या घरच्या झोनचं नाव असतं, ते उभं राहतं त्या स्टेशनचं नसतं. एवढं तर फलाटावर अर्धा तास उभं राहिलेल्या पोट्ट्यालाही कळतं.

एक गोष्ट बरोबर केलीस, तीही सांगून टाकतो. 762 मिलिमीटरचा गेज 1:87 मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणून नऊ मिलिमीटरचा रूळ घेतलास. म्हणजे डोकं आहे तुला. हिशेब येतो आणि तरी अक्षरं अशी, याचाच राग येतो.

भिंग घे आणि या ‘व’कडे बघ. पोटातली जागा भरून गेली आहे, नुसता पांढरा गोळा. का भरली? स्टेन्सिल कापताना आतला तुकडा सुटला आणि तो परत जागेवर चिकटवायचा तू कंटाळा केलास. पुन्हा काळ्यावर पांढरा मारलास. पांढरा काळ्याला झाकत नाही म्हणून जाड फवारला, आणि जाड रंग टेपखाली घुसला. हा शिरोरेघेचा काठ बघ, करवतीसारखा दिसतोय. रिव्हेटच्या डोक्यांभोवती टेप टेकलीच नव्हती, तिथून तर रंग वाट काढून आत गेलाय. नखानं किंवा बांबूच्या काडीनं एकेक रिव्हेट दाबून घ्यायला काय जड जात होतं?

उलटं करायचं असतं. आधी पांढरा, पातळ हातांनी, दोन हातांमध्ये वेळ देऊन. पूर्ण वाळू द्यायचा. मग काचेवर ठेवलेल्या टेपमधून नव्या पात्यानं अक्षरच कापायचं आणि ते अक्षर पांढऱ्यावर चिकटवायचं. असं केलं की ‘व’च्या पोटात नुसतं भोक राहतं, सुटून पडायला तुकडाच नसतो. काठांवरून पुन्हा एक पातळ पांढरा हात फिरव. जो काय रंग आत शिरायचा तो पांढराच शिरेल आणि फट बुजेल. मग काळा. काळा पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायची, सरळ वर न ओढता तिच्याच अंगावर दुमडत, हळू. तू ओढलीस खस्सकन, म्हणून ‘ध्य’चा अर्धा पाय टेपबरोबर गेला. आणि तीन मिलिमीटरखालची अक्षरं मास्क करायचा हट्ट धरूच नको. तिथं डेकल लाव, खाली चकचकीत वार्निशचा हात देऊन.

वेळ कोणती निवडलीस? मे महिन्याची दुपार, गच्चीवर! पारा पंचेचाळिसाला टेकलेला. रंग पृष्ठभागाला लागायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर वाळू मारल्यासारखा बसतो. टेपचा गोंद वितळून राहतो तो वेगळाच. जुलैत मारलास तर दमट हवेनं लॅकर दुधाळ पडेल, तेव्हा मला पावसाची कारणं सांगशील. गॅरेजमधला पेंटर सकाळी का फवारतो, कधी विचारलंस त्याला? राजकमल चौकातून रोज सायकल हाणतोस, वाटेत गॅरेजं आहेत ना? उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत, बाप्पा.

आता हे सगळं उतरव. थिनरमध्ये बुडवू नको, प्लास्टिकची बॉडी लोण्यासारखी होईल. तुझा रंग ॲक्रिलिक आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेव आणि जुन्या टूथब्रशनं घास. रिव्हेट घासून सपाट केलेस तर बॉडी नवीन करून आणायची. उद्या सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत पहिला पांढरा हात माझ्यासमोर मारायचा. येताना एक फोटो आण आणि त्याच्या मागं साल लिहून आण. साल नसेल तर टेपचं रीळ तुझ्या हातात देणार नाही. निघ.