वंचकाचा काठ

पवई तलावाच्या कडेला, जलपर्णीला लागून मातीचं ढेकूळ पडल्यासारखं दिसतं. मान खांद्यात खुपसलेली, छातीवर तपकिरी रेघा, नजर पाण्यात. फिरायला आलेली माणसं चार पावलांवरून निघून जातात, त्यांना पत्ताही लागत नाही. कुणी फारच जवळ गेलं की ढेकळाला एकाएकी पांढरेशुभ्र पंख फुटतात आणि ते कर्कश ओरडत उडून जातं. हा वंचक. कुणी त्याला ढोकरी म्हणतं, कुणी भुरा बगळा.

वंचक म्हणजे फसवणारा. पंचतंत्रातल्या बगळ्याने तळ्यातल्या माशांना थापा मारल्या, तेव्हापासून ही जात बदनामच झाली. ‘बकध्यान’ हा शब्दही आपण ढोंग्यांसाठी राखून ठेवला.

पण ते ध्यान खरं आहे. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा दिसतो तिथे नसतो, त्याहून खाली असतो. बगळे चोच मारताना हा फरक हिशेबात धरतात, हे इस्रायलचे गादी कात्झिर यांनी प्रयोगांतून दाखवलं. पुढचं सगळं क्षणात उरकतं. मान सुटते, मासा चोचीत येतो, फिरवून डोक्याकडून गिळला जातो, म्हणजे परांचे काटे घशात अडकत नाहीत.

मुंबईच्या खारफुटीत राहणारा त्याचा भाऊबंद, छोटा हिरवा बगळा, याच्याही पुढचा. जपानमध्ये कुमामोतोला या जातीचे बगळे किडे, काटक्या, पिसं पाण्यावर टाकून मासे वर येण्याची वाट पाहतात, हे हिरोयोशी हिगुची यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलं. याला लबाडी म्हणायचं, तर गळाला गांडूळ लावून बसणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

या साऱ्या हुशारीला एकच गोष्ट लागते: उथळ काठ. वंचकाचे पाय आखूड. भराव घालून, दगडी भिंत बांधून तलावाचं सुशोभीकरण केलं की पाणी उरतं, पण त्याला उभं राहायला जागा उरत नाही. पवईलाच सायकल मार्गासाठी काठावर भराव पडला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितलं.

बोरिवली असो की मुलुंड, आपल्या वॉर्डातल्या तळ्याचं काम निघालं तर महापालिकेला एवढं जरूर सांगा: एका बाजूचा तरी चिखल, गवत आणि उतार आहे तसा राहू द्या. आणि पावसाळ्यात तिथे एक फेरी मारा. विणीच्या दिवसांत त्या मातकट ढेकळाची पाठ गर्द तांबूस-तपकिरी झालेली असते.