कोनी देखं?

गिरणाकाठच्या एका गावात आठवडे बाजार भरला होता. मार्गशीर्षाचे दिवस होते, भरताच्या हिरव्या वांग्यांचे ढीग लागले होते. भिक्षा मागत एक डवरी गोसावी तिथे आला. खांद्याला झोळी, हातात डौर. चहाच्या टपरीजवळ एका चिमुरडीने डौर वाजवून दाखव म्हणून हट्ट धरला. तो उकिडवा बसला, डौर वाजवला, पोरगी खुदकन हसली.

एवढंच घडलं होतं. पण पलीकडून कुणीतरी ओरडलं, "पोरगी उचलतोय!"

माणसं धावली. कुणी गळपट्टी धरली, कुणी झोळी हिसकावली. गावातला एक तरुण मोबाइलवर बातम्यांची वाहिनी चालवायचा. त्याने फोन उंच धरून थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि खाली मथळा टाकला : 'मुलं पळवणारी टोळी पकडली'. माणूस एकटाच होता आणि पोरगी तिथेच उभी राहून रडत होती.

वांगी विकणारी एक म्हातारी तराजू टाकून उठली आणि गोसाव्याच्या पुढे उभी राहिली. म्हणाली, "मारनं व्हई ते मंग मारा. पहिले सांगा, कोनी देखं?"

सगळे गप्प. तिने सगळ्यात पुढच्या माणसाला विचारलं, "तू देखं का?"

"मी नही देखं, आजी. किराणावाला म्हने."

किराणावाल्याने चहावाल्या पोराकडे बोट दाखवलं. चहावाला पोरगा म्हणाला, "मोबाइलमा व्हतं." मोबाइलमध्ये खरोखरच एक व्हिडिओ होता. पण तो कुठल्या गावचा, कधीचा, कुणी काढला, हे एकालाही सांगता येईना. तोवर पोरीची आई धापा टाकत आली आणि तिने झालेला प्रकार सांगितला. झोळी उपडी केली, तर ज्वारीचं पीठ, दोन शिळ्या भाकरी आणि कागदात गुंडाळलेल्या लहान मापाच्या बांगड्या निघाल्या. त्याच्या घरीही पोरगी होती.

लोक पांगले. तरुणाने प्रक्षेपण काढून टाकलं. संध्याकाळी गोसावी पुढच्या गावी पोचला, तर त्याला पाहताच दारं धडाधड बंद झाली. व्हिडिओ त्याच्या आधी तिथे पोचला होता. तो निर्दोष असल्याची बातमी मात्र कुणी पाठवलीच नव्हती.

स्वतः पाहिल्याशिवाय बोलू नये आणि सिद्ध झाल्याशिवाय कुणाला गुन्हेगार म्हणू नये, एवढाच या कथेचा बोध. कथेतला माणूस निदान जिवंत राहिला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, तेवढंही झालं नाही. तो रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर होती. जमावाने त्या पाचांवर संशय घेतला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मरेपर्यंत मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. मारहाणीचं चित्रीकरण झालं आणि तेही फोनाफोनांतून फिरलं.

त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. तिच्यात उचललेलं मूल शेवटी सुखरूप परत आणून सोडतात. नेमका तो शेवट कापून बाकीचं पुढे पाठवलं गेलं. मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही कात्रीच वाटते, कारण ती चालवणाऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं.

डवरी गोसाव्यांसारख्या भटक्यांवरचा हा संशय आजचा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पालावरच्या माणसाकडे बघण्याची नजर अजून पुरती बदललेली नाही. अशा माणसाला वकील मिळण्याआधीच मथळा मिळतो.

आणि हे फक्त मोबाइलवाल्या तरुणांचं पाप नाही. मोठ्या वाहिन्यांनी स्टुडिओत बसून खटले चालवले आहेत, निकालही दिले आहेत. १८ जानेवारी २०२१ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, तपास चालू असताना माध्यमांनी असे खटले चालवणं म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ आहे. तरीही अटक झाली की पहिल्या पानावर फोटो येतो. तोच माणूस पुढे निर्दोष सुटला, तर आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या तरी खूप. त्याच्या लेकरांना शाळेत जे ऐकावं लागलं, ते त्या चार ओळींनी पुसलं जात नाही. संपादकांनी अटकेला जेवढी जागा दिली, तेवढीच सुटकेलाही द्यावी. यापेक्षा कमी काही मागणं मला पटत नाही.

वाचकांनाही एक विनंती. उद्या तुमच्या बाजारात कुणा अनोळखी माणसाभोवती गर्दी जमली, तर फोन चित्रीकरणासाठी काढू नका. ११२ वर पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत दोघे-चौघे मिळून त्या माणसाच्या बाजूला उभे राहा.