शेवटी बोलणारा शहाणा

नातेवाइकांत माझी एक ख्याती आहे. मी म्हणे विचारी माणूस आहे. कुणाचे लग्न जमवायचे असो की दिवाणखान्याला रंग कुठला द्यायचा हा प्रश्न असो, मी सगळ्यांचे ऐकून घेतो, चष्मा पुसतो आणि शेवटी बोलतो. माझे म्हणणे बहुधा बरोबरच निघते. या ख्यातीला परवाच्या कोजागरीला तडा गेला, आणि तोही पत्त्यांच्या डावात!

त्याचे असे झाले. अमेरिकेतून आलेला आमचा भाचा धाकट्या भावाकडे उतरला होता, म्हणून कोजागरी त्याच्याच घरी होती. मसाला दूध आटेपर्यंत मेंढीकोट मांडावा असा बेत होता, तोच भाचा म्हणाला, "मामा, आज पोकर खेळू या." पैसे लावायचे नाहीत या अटीवर आईने परवानगी दिली आणि चिंचोक्यांचा डबा काढून प्रत्येकाला चाळीस-चाळीस मोजून दिले. मग भाच्याने एक बटण मागितले. बायकोने पर्समधून माझ्याच शर्टाचे काढून दिले. बिचारे तीन महिने शिवले जाण्याची वाट पाहत होते.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये पाच पाने उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ती सर्वांची सामाईक. आपली दोन आणि ही पाच मिळून उत्तम पाच जमवायची. सुरुवातीला एकदा आणि पाने उघडतील तसे तीनदा प्रत्येकाने बोलायचे. लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकून मोकळे व्हायचे. बटण ज्याच्यापुढे तो वाटणारा. त्याच्या डावीकडच्या दोघांनी पाने न बघताच चिंचोके टाकायचे, पहिल्याने एक आणि दुसऱ्याने दोन. आपल्या तीन पत्तीतले ब्लाइंडच, पण सक्तीचे. मधली पाने उघडली की बोलायला सुरुवात बटणाच्या डावीकडून होते आणि बटणवाला सर्वांत शेवटी बोलतो.

मी पाने उचलायला हात घातला, तर भाचा म्हणाला, "मामा, पाने नंतर बघा. आधी आपण बसलोय कुठे ते बघा."

गुलाम-दश्शी हातात आली आणि आधी बोलायची पाळी असली, तर नवशिक्याने ती मुकाट्याने टाकावी. तीच जोडी बटणावर आली तर खुशाल खेळावी. कारण तोपर्यंत कोण कचरले, कोण अंगावर आले, हे सगळे आपल्याला दिसलेले असते. सगळे गप्प बसले तर हातात काही नसतानाही दामटता येते. कुणी जोर केला तर अंग काढून घेता येते. पहिला मात्र अंधारात बोलतो.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मी लगेच हिशेब मांडला. ५२ पानांतून दोन-दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त ६. म्हणजे दोन एक्के सरासरीने २२१ डावांत एकदा येणार. बटण मात्र आम्हां सहा जणांत दर सहा डावांनी! नशिबापेक्षा बैठक बरी.

बटण माझ्यापुढे असताना मी एक डाव चक्क दुर्री-सत्तीवर जिंकला. याहून रद्दी जोडी या खेळात नाही. धाकटा कौतुकाने म्हणाला, "दादाला पत्ते कळतात हं!"

"मामांना पत्ते नाही कळले," भाचा म्हणाला. "ते शेवटी बोलले, एवढंच."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला आठ वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. नानांचे तेरावे झाले होते. आता आई कुठे राहणार, हे विचारायचे कुणी धाडस करत नव्हते. मी चष्मा पुसत होतो. धाकटा म्हणाला, "आई माझ्याकडे राहील." त्याचे घर दोन खोल्यांचे, माझे तीन. मी एक सुस्कारा टाकून म्हणालो, "तुझं म्हणणं बरोबर आहे." मावशी म्हणाली, "थोरला किती समंजस!"

तो बोलला नसता, तर मी काय बोललो असतो? हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. न उघडलेल्या पानांवर मी आठ वर्षे शहाणा म्हणून मिरवतो आहे.

शेवटी बसणे हा काही गुन्हा नव्हे. कुणीतरी शेवटी असणारच. आमच्या बँकेतही दोन सह्यांच्या कागदावर पहिली सही करणाऱ्याचाच हात अडखळतो. दुसरा वरची सही बघतो आणि झोकात करतो. लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत आधी घेतात, वरिष्ठाच्या तोंडाकडे बघून त्याने बोलू नये म्हणून. पोकरसारख्या बदनाम खेळाने तर याहून मोठा न्याय केला आहे. पाने सर्वांना सारखी मिळत नाहीत, पण बटण दर डावाला एक घर पुढे सरकते. घरात मात्र ते आपोआप सरकत नाही. ज्याच्यापुढे आहे त्यानेच ते ढकलावे लागते. आणि तो तर चष्मा पुसत असतो!

पुढच्या फेरीत बटण आईपुढे आले. मी तिच्या डावीकडे, म्हणजे न बघता पहिला चिंचोका माझा. मी तो टाकला आणि कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता म्हणालो, "दिवाळीनंतर आई आमच्याकडे राहील."

बायकोने नियमाप्रमाणे दोन चिंचोके टाकले. जरा जोराने टाकले, असे मला वाटले. भाचा गप्प. भावजय दूध ढवळायला उठली. धाकट्याने हातातली पाने नीट जुळवली, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "दादा, तुझं म्हणणं बरोबर आहे."

त्याच्या मनात काय होते, ते मला अजून कळलेले नाही.

आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की आठ वर्षांपूर्वी काय किंवा आज काय, आईला कुणी विचारलेलेच नव्हते. आम्ही सगळे तिच्याकडे बघू लागलो. आईने पदराने चष्मा पुसला, बटण बोटाने सरळ केले आणि म्हणाली,

"बघू. माझी पाळी शेवटी आहे ना?"