नीरेकाठचा शेजारधर्म



समुद्र आपल्या कळंबपासून फार दूर. मग त्याच्या प्रदूषणाशी आपला काय संबंध? पण आपली नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नदीत धुतलेला फवारणीचा पंप आणि ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी यांनाही हीच वाट मोकळी असते.

मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजाला आग लागली. प्लॅस्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले, कोळी बांधवांची मासेमारी बंद पडली. आग विझवायला आपल्या तटरक्षक दलाची जहाजे धावून गेली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांनी आपल्या समुद्रांच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये एक कृती आराखडा स्वीकारला. सीमेवर भांडणारेही त्यात सहभागी आहेत, कारण पाण्याला सीमा ठाऊक नसते.

आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले. प्रभूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतला जखमी निदान डोळ्यांसमोर पडलेला होता. पाण्याच्या खालच्या अंगाला राहणारा आपला शेजारी आपल्याला कधी दिसणारही नाही. तरी तो शेजारीच. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे आपण वागतो. श्रद्धा सांगते, जे सर्वांचे ते देवाचे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एकच निश्चय करावा: औषधाचे डबे आणि पंप नदी-कालव्यात धुणार नाही. पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी तो वेदीवर ठेवू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू